वंशाविना गादी: इबादान शहराची परंपरा

योरुबांच्या जुन्या शहरांची यादी करायला बसले की इले-इफेचे नाव आधी येते, आणि ते योग्यच आहे. नायजेरियाच्या नैऋत्य भागातले हे शहर योरुबा मनात सृष्टीचे आदिस्थान मानले जाते. खापऱ्यांचे तुकडे उभे रोवून केलेली तिथली फरसबंदी, काचमण्यांच्या कारागिरीचे अवशेष आणि सहा-सातशे वर्षांपूर्वी घडवलेले धातूचे नि भाजल्या मातीचे मानवी चेहरे पाहिले की त्या मानामागे किती खोल इतिहास आहे हे कळते. योरुबा राजाने मण्यांची झालर लावलेला मुकुट घालायचा, तर आपला वंश इफेच्या ओदुदुवापासून चालत आला आहे असे त्याला दाखवावे लागते. ओयो, इलेशा, इजेबू-ओदे या साऱ्या नगरांची प्रतिष्ठा या वंशाच्या धाग्यावर तोललेली आहे. इबादान मात्र या मांडणीत कुठेच बसत नाही. त्याचे वय दोनशे वर्षेही नाही, त्याला ओदुदुवाचा राजवंश नाही, आणि आपल्या प्रमुखाला राजपद द्यायलाही त्याने शंभरेक वर्षे घेतली. तरीही नायजेरियात पारंपरिक योरुबा शहराचा विषय निघाला की अभ्यासक पुन्हा पुन्हा इबादानकडेच वळतात. माझे म्हणणे असे की यात विसंगती नाही. एखाद्या शहराची परंपरा त्याच्या जुनेपणावर मोजण्याची आपल्याला सवय लागली आहे. इबादान पाहिले की ती मोजपट्टी अपुरी ठरते. परक्यांना सामावून घेऊन त्यांना सत्तेपर्यंत पोहोचवणारा ठरलेला क्रम ही या शहराची खरी परंपरा. हा क्रम युद्धात जन्मला, गुलामीच्या जोरावर वाढला, इंग्रजी अमलात वाकवला गेला, आणि आजही चालू आहे.

शहराच्या जन्माची हकिगत समजून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत जावे लागते. उत्तरेकडच्या सवाना गवताळ प्रदेशात घोडदळाच्या बळावर उभे असलेले ओयोचे साम्राज्य तेव्हा आतून पोखरले होते. इलोरिनचा सरदार अफोंजा याने आपल्या अलाफिनाविरुद्ध, म्हणजे ओयोच्या राजाविरुद्ध बंड केले. त्यासाठी त्याने ज्या फुलानी मुसलमानांची मदत घेतली त्यांनीच पुढे त्याला संपवून इलोरिनमध्ये आपली अमिरात बसवली. उत्तरेची गावे उद्ध्वस्त होऊ लागली आणि निर्वासितांचे लोंढे दक्षिणेच्या अरण्यप्रदेशात उतरले. त्याच काळात दक्षिणेत इफे आणि इजेबू यांच्या संयुक्त फौजांनी ओवू या संपन्न नगराला वेढा घालून त्याचा नाश केला, आणि पांगलेले ओयोचे लढवय्ये या फौजांत मिसळले. ओवू पडल्यावर ही सेना घरी परतली नाही. ती आसपासची एग्बा गावे लुटत पुढे सरकली, आणि १८२९ च्या सुमारास रान आणि माळ यांच्या सीमेवरच्या एका ओस पडलेल्या एग्बा वस्तीत तिने तळ ठोकला. तोच तळ म्हणजे आजचे इबादान. एग्बा लोक तिथून निघून पश्चिमेला ओलुमो खडकाच्या आश्रयाला गेले आणि १८३० मध्ये त्यांनी अबेओकुटा वसवले. म्हणजे या भागातली दोन मोठी शहरे एकाच उलथापालथीतून, एकमेकांच्या शेजारी, जवळजवळ एकाच वर्षी उभी राहिली.

छावणीत इफे, इजेबू, ओयो आणि थोडे एग्बा असे चार ठिकाणचे लोक होते. सुरुवातीला वर्चस्व इफेच्या माये ओकुनाडेचे होते. त्याचा जाच वाढला तेव्हा ओयोच्या लोकांनी उठाव केला. १८३० च्या दशकाच्या आरंभी ग्बानामूच्या लढाईत माये मारला गेला आणि शहर ओयो वळणाचे झाले. पण ओयोचे म्हणून जे आले तेही एका घराण्याचे नव्हते. वेगवेगळ्या जळालेल्या गावांतून आलेले, आपापली टोळी घेऊन आलेले हे नायक होते, आणि त्यातला कोणीही दुसऱ्याला जन्मसिद्ध अधिकाराने राजा मानणार नव्हता. इथे इबादानने जो मार्ग काढला तो आजवर टिकला. कोणाचीही गादी वंशपरंपरेची नाही. मान पायरीपायरीने चढायचा. खालचा मानकरी लढाईत चमकला, माणसे बाळगून राहिला, तर वरची जागा रिकामी होताच तो वर सरकणार. मुलकी मानकऱ्यांची एक रांग आणि बालोगुनाच्या, म्हणजे सेनापतीच्या हाताखालची लष्करी मानकऱ्यांची दुसरी. स्त्रियांची प्रमुख इयालोदे हिची रांग निराळी. प्रत्येक नायकाभोवती त्याचे आप्त, आश्रित, सैनिक आणि गुलाम यांचा मिळून एक मोठा वाडा होता. अंगणांभोवती ओळीने खोल्या, आणि तो वाडा चालवणारा मोगाजी. आजही इबादानच्या जुन्या भागात रस्त्यांपेक्षा वाड्यांची नावे पत्ता सांगायला जास्त उपयोगी पडतात, आणि ओलुयोले, इबिकुन्ले, ओगुनमोला ही पेठांसारखी वापरली जाणारी नावे त्या पहिल्या-दुसऱ्या पिढीतल्या लढवय्यांचीच आहेत.

हा क्रम उदारपणातून आला असे मी म्हणत नाही. तो गरजेतून आला. छावणीतल्या सैनिकाला आपला नायक बदलता येत होता. ज्याच्या पाठीशी राहून लूट मिळते, संरक्षण मिळते, कर्ज मिळते, त्याच्या वाड्यात माणूस जाणार. अशा ठिकाणी बापानंतर मुलगा हा नियम लावला असता तर कर्तबगार नायक आपली माणसे घेऊन दुसरीकडे निघून गेले असते. शहर रिकामे होऊ नये म्हणून सत्ता मोकळी ठेवावी लागली. बशोरुन ओलुयोले हा पहिल्या पिढीतला सर्वांत प्रबळ माणूस. शहराचा मुख्य बाजार ओजा-बा हा त्याच्याच नावाने ओळखला जातो. १८४७ मध्ये तो वारला तेव्हा प्रमुखपद त्याच्या मुलाकडे गेले नाही. नंतरच्या काळातला प्रमुख लातोसा १८८५ मध्ये वारला. त्याचा मुलगा शिटू हा प्रमुख झाला खरा, पण तो १९१४ मध्ये, म्हणजे बापानंतर एकोणतीस वर्षांनी, मधल्या काळात दुसऱ्या घराण्यांचे अनेक जण त्या जागी बसून गेल्यानंतर. मोठ्या बापाच्या मुलाला मोठा वाडा आणि मोठे नाव मिळत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यालाही रांग सोडून पुढे जाता येत नव्हते.

इथे एक महत्त्वाचा आक्षेप येतो. राजवंश नाकारणाऱ्या या शहराने १८६० मध्ये चक्क राजवंशाच्या बाजूने युद्ध केले. अलाफिन अतिबा १८५९ मध्ये मरण पावला. जुन्या रिवाजाप्रमाणे थोरल्या राजपुत्राने बापाबरोबर मरायचे असे. अतिबाने हा रिवाज मोडून आपल्या मुलाला, अदेलूला, वारस नेमले होते. इजायेचा बलाढ्य प्रमुख कुरुन्मी याने ते मान्य केले नाही आणि अदेलूला नजराणा पाठवला नाही. इबादानने अदेलूची बाजू घेतली. दोन वर्षांच्या युद्धानंतर १८६२ मध्ये इजाये जमीनदोस्त झाले. मग इबादानची वंशनिरपेक्ष परंपरा म्हणजे नुसते सोयीचे सोंग होते का? मला तसे वाटत नाही. इबादानच्या प्रमुखांना बशोरुन, आरे असे किताब अलाफिनाकडूनच मिळत. स्वतः वंशाचा दावा सांगता येत नाही, म्हणून त्यांना वंश असलेल्या एका दूरच्या राजाची मान्यता हवी होती, आणि तो राजा दुबळा असला तरच ती मान्यता स्वस्तात मिळणार होती. त्याखेरीज इजाये हा योरुबा प्रदेशावरच्या वर्चस्वासाठी एकमेव तोलामोलाचा प्रतिस्पर्धी होता. अलाफिनाचे नाव आणि इबादानचे बळ अशी ही वाटणी होती, आणि शहराच्या आत मात्र अलाफिनाचा वारसाहक्क कधी शिरला नाही.

याहून गंभीर आक्षेप माणसांच्या किमतीचा आहे, आणि तो टाळून इबादानचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल. १८४० च्या सुमारास ओशोग्बोजवळ इबादानच्या सैन्याने इलोरिनच्या घोडदळाचा पराभव केला आणि फुलानींचा दक्षिणेकडचा विस्तार थांबवला. योरुबांच्या स्मृतीत ही लढाई अभिमानाने जपली जाते. पण तिथून पुढे इबादानने स्वतःच एक साम्राज्य उभे केले. जिंकलेल्या गावांवर अजेले नावाचे अंमलदार बसवले, खंडणी घेतली, आणि युद्धकैद्यांना गुलाम करून शहराभोवतीच्या मळ्यांवर राबवले. शहराला खायला घालणारे धान्य आणि किनाऱ्याकडून येणाऱ्या बंदुकांच्या मोबदल्यात जाणारे पामतेल यात गुलामांच्या श्रमाचा मोठा वाटा होता. कर्जापोटी माणूस गहाण ठेवण्याची इवोफा पद्धतही जोरात होती. म्हणजे ज्या शिडीचे मी वर्णन करतो आहे तिच्या पायथ्याशी असे हजारो लोक होते ज्यांना तिच्यावर पाय ठेवायची मुभाच नव्हती. काही गुलाम लढवय्ये म्हणून वर आले, काहींची मुले वाड्यात मिसळून गेली, पण त्यामुळे हिशेब मिटत नाही. पूर्वेकडच्या एकिती आणि इजेशा लोकांनी १८७७ पासून एकजूट करून इबादानविरुद्ध जे किरीजी युद्ध पुकारले, ते याच जाचाविरुद्ध. ते सोळा वर्षे रेंगाळले. लातोसा त्या युद्धाच्या तळावरच वारला.

इयालोदे एफुनशेतान अनिवुराची कहाणी या शिडीची ताकद आणि तिचा क्रूरपणा दोन्ही एकदम दाखवते. ती एग्बा मुळाची, म्हणजे इबादानच्या दृष्टीने परकी. व्यापारातून तिने अफाट संपत्ती मिळवली, मोठे मळे केले, आणि मोहिमांवर जाणाऱ्या नायकांना ती शस्त्रे आणि दारूगोळा उधारीवर पुरवत असे. याच बळावर ती शहरातल्या स्त्रियांच्या सर्वोच्च पदावर पोहोचली. एका परक्या गावच्या बाईला इतके वर चढता आले ही इबादानचीच करामत. पण लातोसाच्या न संपणाऱ्या मोहिमांना पैसा आणि माल पुरवायला तिने हात आखडता घेतला तेव्हा १८७४ मध्ये तिला पदावरून काढले गेले, आणि पुढच्या काही आठवड्यांतच लातोसाच्या चिथावणीने तिच्याच गुलामांनी तिला ठार मारले. अकिनवुमी इशोला यांच्या नाटकामुळे तिची गुलामांना छळणारी निर्दय मालकीण ही प्रतिमा योरुबा घराघरांत पोहोचली. ती निर्दय नव्हती असे सिद्ध करण्याचा खटाटोप मी करणार नाही. पण इतिहासकार बोलान्ले अवे यांनी तिच्या राजकीय भूमिकेकडे लक्ष वेधले आहे ते पटण्यासारखे आहे. युद्धाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न विचारण्याची ऐपत असलेली एक सावकार त्या शहरात होती, आणि तो प्रश्न शहराच्या प्रमुखाला सहन झाला नाही. युद्धावर वाढलेल्या शिडीला युद्ध थांबवणे परवडत नव्हते. इबादानच्या एकोणिसाव्या शतकाची खरी शोकांतिका यात आहे.

या काळाची इतकी बारीक माहिती आपल्याला मिळते ती सॅम्युएल जॉन्सन या धर्मोपदेशकामुळे. तो सिएरा लिओनमध्ये मुक्त झालेल्या गुलामांच्या वस्तीत जन्मला, इबादानमध्ये वाढला, आणि किरीजी युद्धात तह घडवून आणण्यासाठी निरोप्याचे काम करत दोन्ही तळांवर फिरला. योरुबांचा इतिहास सांगणारे त्याचे हस्तलिखित १८९७ मध्ये पूर्ण झाले. मूळ प्रत गहाळ झाली, आणि त्याच्या टिपणांवरून भावाने पुन्हा उभा केलेला ग्रंथ १९२१ मध्ये, जॉन्सनच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, छापला गेला. जॉन्सन ओयोचा पक्षपाती आहे, हे त्याचे वाचक नेहमी सांगतात आणि ते खरे आहे. म्हणूनच इबादानबद्दल त्याच्या मनात असलेला आदर आणि संताप यांचे मिश्रण मला विश्वसनीय वाटते. राजनिष्ठ माणसाला राजा नसलेले शहर समजून घेताना जी ओढाताण व्हावी ती त्याच्या पानापानांत दिसते.

दुसऱ्या बाजूने समाजशास्त्रज्ञांचा आक्षेप येतो, आणि तो इबादानच्या शहर असण्यावरच आहे. लुई वर्थ या अमेरिकी अभ्यासकाने १९३८ मध्ये शहराची व्याख्या आकार, दाटी आणि भिन्न प्रकारच्या लोकांचे एकत्र राहणे यांवर बांधली. शहरात नातेगोते सैल होते, माणूस एकाकी होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. विल्यम बॅस्कम याने १९५५ मध्ये योरुबा शहरे पुढे करून दाखवून दिले की इथे दाटी आहे, लाखो माणसे आहेत, आणि तरी नातेगोते सैल झालेले नाही. १९५२ च्या शिरगणतीत इबादानची लोकसंख्या सुमारे ४ लाख ५९ हजार होती. राजधानी लागोस तेव्हा २ लाख ६७ हजारांवर होती. पण या साडेचार लाखांतले किती तरी जण शेतकरी होते. शहरात वाडा, आणि कित्येक मैल दूर शेत. पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतावरच्या अबा नावाच्या छोट्या वस्तीत मुक्काम, आणि सण, लग्न, मयत, वाड्याचा न्यायनिवाडा यासाठी शहरात परत. काहींना हे नुसते अवाढव्य खेडे वाटले. माझ्या मते या वादात चूक व्याख्येची आहे. अबामध्ये राहणाऱ्या शेतकऱ्याला तुम्ही कुठले असे विचारले तर तो इबादानचे नाव सांगत असे, कारण त्याचा मान, त्याचे पूर्वज आणि त्याच्या वाड्याची शिडीवरची जागा शहरात होती. शेत हे पोटाचे ठिकाण आणि शहर हे राजकारणाचे. नगर म्हणजे जिथे सार्वजनिक निर्णय होतात आणि जिथे त्या निर्णयांत आपला वाटा आहे असे माणूस मानतो ते ठिकाण, अशी व्याख्या केली तर इबादान भरभक्कम शहर ठरते. भूगोलतज्ज्ञ अकिन माबोगुंजे यांनी १९६० च्या दशकात योरुबा नगरांचा अभ्यास करताना बाजार आणि व्यापार यांचे महत्त्व ठासून सांगितले, ते या चित्राला पूरकच आहे. शेतकरी एकीकडे आणि विणकर, लोहार, रंगारी, लांबच्या वाटेचे व्यापारी दुसरीकडे, अशी ही शहरे होती; ती केवळ मळ्यांवर जगत नव्हती.

१८९३ मध्ये इबादानने इंग्रजांशी करार केला आणि शहरात रेसिडेंट येऊन बसला. इंग्रजांना वंशपरंपरेचा राजा हाताशी असला की राज्य करणे सोपे जाई. इबादानमध्ये तो नव्हता, म्हणून कॅप्टन रॉस या रेसिडेंटने अलाफिनाला पुढे केले आणि इबादानला ओयोच्या ताब्यात ढकलले. जे अलाफिनाला स्वतःच्या बळावर कधी जमले नव्हते ते इंग्रजांच्या पाठबळाने त्याला मिळाले. लातोसाचा मुलगा शिटू तेव्हा बाले, म्हणजे शहराचा प्रमुख होता; त्याने या व्यवस्थेला विरोध केला तेव्हा १९२५ मध्ये त्याला पदच्युत केले गेले. मापो टेकडीवर १९२९ मध्ये खांबांचा भव्य मापो हॉल उभा राहिला, आणि पाच वर्षांनी, १९३४ मध्ये, इबादान पुन्हा ओयोपासून प्रशासकीयदृष्ट्या मोकळे झाले. १९३६ मध्ये प्रमुखाचे नाव बाले ऐवजी ओलुबादान झाले. आज जी पदोन्नतीची काटेकोर रांग दिसते, मुलकी आणि लष्करी या दोन रांगांतून आळीपाळीने ओलुबादान होण्याचा जो नियम दिसतो, तो या विसाव्या शतकात पक्का झाला. एकोणिसाव्या शतकात रांगेबाहेरून उडी मारणारे होतेच. तेव्हा ही परंपरा इंग्रजांच्या काळात घडवलेली आहे, असे कोणी म्हणेल तर त्यात तथ्य आहे. पण घडवणारे फक्त इंग्रज नव्हते. आयझॅक बाबालोला अकिन्येले यांनी १९११ मध्ये योरुबा भाषेत इबादानचा इतिहास लिहिला, जुन्या नायकांच्या याद्या आणि लढाया नोंदवल्या, आणि पुढे ते स्वतःच शिडी चढत १९५५ मध्ये ओलुबादान झाले. आपल्या शहराचा क्रम कसा असावा हे लिहून काढणारा माणूस त्याच क्रमाने शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचला. परंपरा लोक स्वतःहून निवडतात आणि घासूनपुसून घेतात, याचा याहून ठोस पुरावा मला माहीत नाही.

रेल्वे १९०१ मध्ये पोहोचली आणि शहराचा दुसरा चेहरा तयार होऊ लागला. मापो आणि ओजा-बाभोवती गंजून तांबूस झालेल्या पत्र्यांच्या छपरांची दाट जुनी वस्ती, आणि स्टेशनाजवळ डुग्बे भागात कंपन्या, बँका, दुकाने. कोकोच्या पिकाने दोन्हींना पैसा पुरवला. १९४८ मध्ये लंडन विद्यापीठाशी संलग्न असे महाविद्यालय इथे सुरू झाले, तेच आजचे इबादान विद्यापीठ. १९६१ मध्ये लेखक-कलावंतांचा म्बारी क्लब स्थापन झाला, आणि वोले शोयिंका, चिनुआ अचेबे, ख्रिस्तोफर ओकिग्बो अशांची नावे या शहराशी जोडली गेली. इबादान पश्चिम प्रांताची राजधानी होते, आणि इथूनच ओबाफेमी अवोलोवो यांच्या सरकारने १९५५ मध्ये मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९५९ मध्ये आफ्रिकेतल्या अगदी पहिल्या दूरचित्रवाणी केंद्रांपैकी एक इथून चालू झाले, आणि १९६५ मध्ये कोकोच्या पैशावर सव्वीस मजली कोको हाउस उभे राहिले. या यादीचा अभिमान इबादानकरांना आहे आणि असायलाच हवा. पण हा पैसा ज्यांच्या घामातून आला ते शेतकरी १९६८-६९ मध्ये करवाढीविरुद्ध अग्बेकोया चळवळीत रस्त्यावर उतरले. इबादानभोवतालच्या वस्त्यांतल्या या शेतकऱ्यांनी शहरावर चाल करून तुरुंगातल्या आपल्या साथीदारांना सोडवून नेले. शेत आणि शहर या एकाच देहाच्या दोन बाजू आहेत, हे समाजशास्त्रज्ञांना पटले नसेल, पण त्या बंडात ते साऱ्यांनी पाहिले.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत बोचरा आक्षेप इथेच उभा राहतो. परक्यांना सामावणारे शहर असे मी म्हणतो, पण विसाव्या शतकात आलेल्या परक्यांचे काय झाले? उत्तरेकडून गुरे आणि कोलानट यांचा व्यापार करायला आलेल्या हौसांसाठी १९१६ मध्ये साबो ही वेगळी वस्ती झाली, आणि आब्नर कोहेन या मानववंशशास्त्रज्ञाने दाखवले की ती वस्ती आपले वेगळेपण व्यापारासाठीच घट्ट धरून राहिली. इजेबूहून आलेले व्यापारी आणि शिकलेले तरुण इबादानमध्ये जमीनजुमला घेऊ लागले तेव्हा मूळचे इबादानकर बिथरले. १९५० च्या दशकात इबादानचे पुढारी अदेगोके अदेलाबू यांनी याच नाराजीला आवाज दिला. १९५८ मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला आणि शहरात दंगे उसळले. शिडीची पहिली पायरी मोगाजीपदाची, आणि मोगाजी व्हायला एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या मान्य वाड्याचा वंशज असावे लागते. म्हणजे ज्यांचे पणजोबा निर्वासित म्हणून आले ते आज मूळचे झाले आणि त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी दार लावून घेतले. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. इबादानची परंपरा उघडी राहिली ती तिच्या पहिल्या दोन पिढ्यांपुरती, आणि शहराने आपल्याच जन्माशी इमान राखायचे असेल तर हे दार पुन्हा उघडण्याचा मार्ग शोधायला हवा असे मला मनापासून वाटते. वाड्यांची संख्या वाढवता येते. नव्या घराण्यांना मान्यता देण्याचा अधिकार शहराच्या मानकऱ्यांनी पूर्वी वापरलेला आहे.

उरतो तो वयाचा प्रश्न. वीसहून अधिक पायऱ्या चढायला तीस-चाळीस वर्षे लागतात, त्यामुळे ओलुबादान होणारा माणूस बहुधा ऐंशी ओलांडलेला असतो. २०१६ मध्ये सॅम्युएल ओडुलाना शंभरी पार करून वारले. त्यानंतरच्या दहा वर्षांत सालिऊ अदेतुंजी, लेकान बालोगुन, ओलाकुलेहिन आणि रशिदी लदोजा असे चार जण त्या जागी आले. ओलाकुलेहिन यांना मिळाले जेमतेम एक वर्ष. हा निव्वळ म्हाताऱ्यांचा मान झाला, नाल्याकाठी बांधलेल्या घरांचे, साचलेल्या कचऱ्याचे, १९८० आणि २०११ मध्ये शेकडो माणसांचा बळी घेणाऱ्या पुरांचे हे म्हातारे काय करणार, असे टीकाकार विचारतात. पुराचे काम सरकारचे आहे आणि ते सरकारनेच करावे. या क्रमाचा उपयोग वेगळा आहे. २०२२ मध्ये ओयोचे अलाफिन वारले आणि वंशातल्या दावेदारांच्या भांडणांत ती जुनी गादी २०२५ च्या आरंभापर्यंत रिकामी राहिली. इबादानमध्ये पुढचा कोण हे आदल्या दिवशीच ठाऊक असते. ज्या देशात निवडणुका, न्यायालये आणि लष्करी राजवटी यांनी इतकी घराणी नि पक्ष उलथवले, तिथे लाखोंच्या शहरात सत्तांतराचा एक तरी मार्ग रक्ताविना नि भांडणाविना चालावा, ही लहान गोष्ट नाही.

तो मार्ग राजकारण्यांनाही मोह घालतो हे अलीकडे दिसले. २०१७ मध्ये ओयो राज्याच्या सरकारने इबादानच्या वरिष्ठ मानकऱ्यांना आणि आसपासच्या काही बालेंना मिळून एकवीस जणांना मुकुट देऊन ओबा, म्हणजे राजे केले. रशिदी लदोजा यांनी तो मुकुट नाकारला आणि न्यायालयात गेले. इबादानला ओबा एकच असावा ही त्यांची भूमिका होती. न्यायालयाने २०१८ मध्ये तो निर्णय रद्द ठरवला, पुढे तडजोडी झाल्या, कायदा बदलला, मानकऱ्यांनी पुन्हा मुकुट घातले आणि २०२४ मध्ये लदोजांनीही तो स्वीकारला. वंशाचा मुकुट नसलेल्या शहरात मुकुटांची संख्या वाढवण्याचा हा हट्ट मला शहराच्या मूळ प्रकृतीशी विसंगत वाटतो, आणि लदोजांचा पहिला नकार अधिक योग्य वाटतो. त्यांचा स्वतःचा प्रवास मात्र या शिडीचे बळ सांगणारा आहे. ते १९९३ मध्ये शिडीवर आले. २००३ मध्ये ते राज्याचे गव्हर्नर झाले, २००६ च्या जानेवारीत विधिमंडळाने त्यांना पदावरून काढले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परत बसवले. या साऱ्या उलथापालथीत शिडीवरची त्यांची जागा हलली नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, मापो हॉलमध्ये ते ओलुबादान झाले. ते मुलकी रांगेतले. त्यामुळे पुढची पाळी बालोगुनाच्या रांगेची आहे, आणि लदोजांच्या मागे रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांच्या रांगेतला प्रत्येक जण एकेक पायरी वर सरकला आहे.